इनासचं आभाळ

मी संशयी नाही, असं मी आयुष्यभर सांगत आलो आणि माझ्या बायकोने ते कधीच मान्य केलं नाही. ती म्हणायची, "दुधात पाणी शोधणारे पुष्कळ पाहिले, हे पाण्यातसुद्धा पाणी शोधतात." आता यात माझा दोष थोडा आणि नोकरीचा जास्त. लढाईच्या आधीची चार-पाच वर्षं आणि लढाईची जवळजवळ सगळी वर्षं मी भाईंदरला मिठाचा कारकून होतो. मासे खारवायला कोळ्यांना कमी कराचं मीठ मिळत असे. ते माशांतच जातंय की मागच्या दाराने भलतीकडे जातंय, हे डोळ्यांत तेल घालून बघायचं, हे माझं काम. त्यासाठी आठवड्यातून तीन दिवस मला उत्तनच्या अंगाला, चौक गावच्या किनाऱ्यावरच्या मीठकोठीवर राहावं लागे. सकाळ-संध्याकाळ दुसऱ्याच्या गोणीकडे बघत राहिलं की माणसाची नजर तशीच होते.

इनास मला पहिल्यांदा दिसला तो याच नजरेला. कोठीपासून थोड्या अंतरावर खडकांचा एक पट्टा समुद्रात गेला होता. त्यावर एक उंच, वाळका माणूस तीन पायांवर एक लाकडी पेटी ठेवून उभा होता. समुद्रात शिडं होती. त्याने डोक्यावरची काळी टोपी काढली, पेटीच्या पुढ्यात धरली आणि अगदी हलकेच खाली-वर, खाली-वर करायला लागला. ओठ पुटपुटत होते. मग टोपी डोक्यावर आणि पेटी खांद्यावर टाकून गडी चालू लागला. दुसऱ्या दिवशी तीच वेळ आणि तीच टोपी. माझ्या मनात पाल चुकचुकली. हा कोणत्या तरी होडीला खूण करतोय आणि माझं मीठ त्या होडीतून चाललंय, याबद्दल मला शंका उरली नाही. तिसऱ्या दिवशी मी बोंबील सुकत टाकायच्या बांबूंच्या मांडवाआड दबा धरून बसलो आणि टोपी हलायला लागताच बाहेर पडलो.

"काय चाललंय हे?" मी दरडावलं.

त्याने टोपी हलवणं थांबवलं नाही. पुटपुटणं संपवलं, पेटीच्या डोळ्यावर झाकण घातलं आणि मग माझ्याकडे वळला. "ता तुमी सांगा, सायेब. तीन दिस झाले, तुमी बोंबलाच्या मागं बसून मना बगता. मी म्हटला, ह्या मानसाला नाक हाय का न्हाय?"

मांडवाआड मी एकच दिवस बसलो होतो, पण आधीचे दोन दिवसही माझी नजर त्याने ओळखली होती. संशय घेण्यात तो माझ्या वरताण निघाला. त्याने माझं डोकं काळ्या कापडाखाली घातलं. आत एका धुरकट काचेवर सगळा किनारा उलटा टांगला होता, समुद्र वर आणि आभाळ खाली. आभाळ इतकं लख्ख की डोळे दिपावेत, आणि होड्या, माणसं, खडक सगळं काळंकुट्ट. "आता बगा," तो म्हणाला. त्याने टोपी धरली आणि काचेवरचं आभाळ मवाळ झालं.

"आभाल चोर हाय, सायेब," इनास म्हणाला. "सगला उजेड त्यो एकलाच खातो. मानसाला काय ठेवत न्हाय. म्हनून त्याला टोपीनं थोपवायचा. आभाल थांबला का जमिनीला उजेड घ्यायला येल मिलतो."

तेव्हापासून मी मिठाचा संशय त्याच्यावरून काढून घेतला आणि तो मला त्याच्या ओट्यावर चहा द्यायला लागला.

त्याचं वय पन्नाशीच्या आसपास असावं. पेटी वाहून एक खांदा खाली उतरलेला, बोटं औषधांनी करपल्यासारखी काळी, अंगात बिनकॉलरचा कोट. त्याचा कशावर म्हणून विश्वास नव्हता. दुपारच्या उन्हावर नव्हता, पावसाळ्यानंतरच्या धुऊन निघालेल्या हवेवर तर मुळीच नव्हता. फोटो ज्यांवर उमटे त्या काचा बिछान्याखाली ठेवायचा, कारण कपाटाच्या फटीवर भरवसा नाही. दार ठोठावलं तर आतून आधी नाव विचारी, मग बापाचं नाव, मग काम. तोवर हातातली काच काळ्या डब्यात गेलेली असे. "उजेड कोनाचा बी नाव सांगून आत येतो," असं त्याचं म्हणणं. घरात तो एकटाच. बायको लवकर गेलेली, मूल नाही.

ते पुटपुटणं म्हणजे काय, हेही मला तिथेच कळलं. घड्याळावर त्याचा विश्वास नसल्यामुळे तो काचेला उजेड किती वेळ दाखवायचा ते 'नमो मारिया'वर मोजत असे. लख्ख उन्हात अर्धी प्रार्थना, ढगाळ हवेत पुरती, आणि झाडाखाली दोन. त्यावरून एकदा जुन्या भाईंदरात मोठी पंचाईत झाली. तिथल्या एका हिंदू कोळ्याच्या घरी लग्नानंतर सगळ्या गोताचा फोटो काढायचा होता. इनासने टोपी काढून पुटपुटायला सुरुवात केली तसा घरातला म्हातारा उठून उभा राहिला.

"ह्यो आपल्याला पेटीत घालून बाटवतोय!" म्हातारा ओरडला. बायका पोरांना घेऊन आत पळाल्या.

इनासने पुष्कळ समजावलं. शेवटी कंटाळून म्हणाला, "मंग तुमीच मोजा. वीसपर्यंत मोजा, मी गप ऱ्हातो." म्हाताऱ्याने मोजलं. पण जन्मभर त्याने मोजली होती मासळी, दोन-दोन मासे एका हातात उचलून टोपलीत टाकत, गिऱ्हाइकाला कळायच्या आत. तो वीसपर्यंत पोचला तेव्हा इनासची टोपी अजून जागेवरही आली नव्हती. फोटोत नवरा-नवरी धरून सोळा काळे ठिपके आले आणि त्याचाही संशय इनासवरच आला. दुसऱ्या खेपेला म्हातारा स्वतःच म्हणाला, "बाबा, तुझा तू मोज. पर ओठ हलवू नको."

इनासच्या या संशयामागे एक जुनी लाज होती. ती त्याने मला एकदाच सांगितली आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. तरुणपणी तो मुंबईत एका मोठ्या फोटोच्या दुकानात कामाला होता. तिथे एका कपाटाच्या खणांत नुसती आभाळं ठेवलेली असत. बाहेरचा फोटो काढला की आभाळ हटकून कोरं, पांढरं येई. मग मालक खण उघडी, हवं ते ढगांचं आभाळ निवडी आणि त्या फोटोवर छापी. गिऱ्हाईक खूश. एक दिवस एक विधवा बाई आल्या. नवऱ्याचा माथेरानला काढलेला शेवटचा फोटो त्यांच्यापाशी होता. दुकानाच्या भिंतीवर कोकणातल्या कुठल्याशा बंदराचा फोटो होता. बाई एकदा हातातल्या फोटोकडे बघत, एकदा भिंतीकडे. ढग तेच होते. "तिनं फोटो पिशवीत घातला," इनास म्हणाला. "माज्याकडे बगितला नि गेली. मी बी त्याच हप्त्यात गेलो."

गावी परतल्यावर त्याने स्वतःशी एक गोष्ट ठरवली आणि गावाला ती हजारदा ऐकवली. इनासच्या फोटोतलं आभाळ त्या घडीचं आणि त्या जागेचं असेल. त्यासाठीच ती टोपी, आणि पेटीच्या डोळ्यावर लावायची एक पिवळी काच. "काचेला निल्याची भारी भूक," तो सांगे. "निला दिसला का खाऊन पांढरा करते. पिवली काच त्याला आडवते." घरोघरच्या भिंतींवर त्याचे फोटो होते आणि लोक पाहुण्यांना अभिमानाने सांगत, की हे आभाळ खरं आहे हां, छापील नाही.

लढाई सुरू झाली आणि किनाऱ्यावर पेटी घेऊन फिरणारा माणूस सगळ्यांनाच खुपायला लागला. चौकशीला एक अंमलदार आला. मी इनासच्या वतीने जबानी दिली की हा मनुष्य टोपी हलवतो ती आभाळ फार उजळ असतं म्हणून. अंमलदाराने ते लिहून घेतलं आणि मग माझंच नाव, गाव आणि बापाचं नाव विचारलं. इनासला सोडलं, पण बाहेरून येणाऱ्या काचा बंद झाल्या. बिछान्याखालच्या उरल्यासुरल्या काचा तो जपून वापरायला लागला.

त्यांतली एक त्याने जुवांव नाखवाच्या होडीवर खर्च केली. जुवांव हा चौकमधला एक होडीवाला, तोंडाने फटकळ, फारसा कुणाला न आवडणारा. दिवाळी उलटून गेली होती. होडीला नवं शीड घेतलं होतं म्हणून त्याने इनासला सकाळी बोलावलं. ओहोटीत टेकलेल्या होडीसमोर तिघं खलाशी ओळीने उभे राहिले. त्यांत फिलूमायचा एकुलता एक मुलगा पास्कू होता, विशीतला, नवी टोपी घालून आलेला. जुवांवच्या पायाला गळू झालं होतं, म्हणून तो फोटो निघेपर्यंत बाजूला बसला आणि मग घरी जाऊन पडला. भरतीबरोबर होडी गेली. दुपारी अवेळी तुफान सुटलं आणि होडी परत आली नाही. चार दिवसांनी नवं शीड तेवढं किनाऱ्याला लागलं.

इनासपाशी त्या तीन घरांना द्यायला दुसरं काहीच नव्हतं. त्याने फोटो छापले आणि घरोघरी नेऊन दिले. तो इतका सुंदर फोटो होता की मी तसा पुन्हा पाहिला नाही. खाली तिघांचे चेहरे, पास्कूच्या ओठावरची कोवळी मिशीसुद्धा दिसत होती. आणि वर गडद, भरून आल्यासारखं, पांढऱ्या ढगांनी फाटलेलं आभाळ.

तेच आभाळ गावाने पाहिलं. "सकालीच येवढा काला आभाल, नि ह्यानं पोरं धाडली!" "सवता बरा घरी बसला, पायाचा निमित करून!" आठवड्याभरात प्रत्येकाला ती सकाळ आठवायला लागली. कुणाला गार वारा आठवला, कुणाला कावळे आठवले. जुवांवच्या शेजारी चर्चच्या बाकावर कोणी बसेना. त्याची बायको विहिरीवर आली की बाकीच्या बाया कळश्या उचलून निघत. आणखी महिन्याने गावची जमात बसणार होती, जुवांवला वाळीत टाकायला. वाळीत पडलेल्या माणसाच्या होडीवर कोणी चढत नाही आणि त्याच्या मयताला कोणी खांदा देत नाही. त्याला चार मुलं होती. त्या दिवसांत तो घराबाहेर पडला की भिंतीच्या कडेकडेने चाले.

जमात बसायच्या दोन दिवस आधी इनास कोठीवर आला. टोपी हातात होती.

"सायेब, त्या सकाली तुमी हितंच व्हते. आभाल कसा व्हता?"

"काळं होतं," मी म्हणालो.

"सवताच्या डोल्यानं बगितला?"

"म्हणजे काय! मी बाहेरच होतो. ओलावलेल्या मिठाच्या गोण्या उघडून उन्हात..." आणि मी तिथेच थांबलो. त्या दिवशी मी सगळ्या गोण्या उघड्या टाकल्या होत्या. दुपारी वारा सुटल्यावर ताडपत्र्या घ्यायला माझी धावपळ झाली होती. काळं आभाळ असतं, तर माझ्यासारखा माणूस सकाळी मीठ उघडं टाकता?  जगाच्या गोण्या तपासणारा मी, माझ्याच डोक्यात कोणी काय भरलं ते तपासलं नव्हतं.

"तुमी बी फोटोच बगितला," इनास हळूच म्हणाला. "वर निस्ती कापसाची पांढरी पिंजन व्हती, सायेब. शेंबडा पोर बी तवा भ्याला नसता. मी पिवली काच लावली, टोपी धरली. ता काला मी केला."

"मग महिनाभर गप्प का बसलास?" मी भडकलो. "तिकडे त्या माणसाचं घर बसायची वेळ आली!"

"बोललो तर माजा काय ऱ्हातो?" तो म्हणाला. "वीस वर्सं एकच गोष्ट सांगितली, का माजा आभाल खरा. आनी जुवांवचा मना बी संशय व्हता. म्हटला, गलू खरा का खोटा कोनाला ठाऊक. काल जाऊन पाय बगितला. अजून भरला न्हाय." एवढं बोलून तो गेला.

रविवारी मिस्सा झाल्यावर जमात किनाऱ्यावर बसली. हवा तशीच होती, वर पातळ पांढरे पुंजके. इनास पेटी घेऊन मधोमध उभा राहिला. म्हणाला, "माज्याकडे दोनच काचा हायेत. आधी वर बगा. नीट बगा, आनी ध्यानात ठेवा." त्याने म्हाताऱ्यांना ओळीने उभं केलं. पहिली काच सगळे काढतात तशी झटकन काढली, टोपी नाही, पिवळी काच नाही. दुसरी त्याच्या रीतीने. मग घरात गेला, आणि उन्हं कलायच्या आत ओल्या काचा वाळवून, त्यांच्याखाली छापायचा कागद बसवलेल्या चौकटी घेऊन आला. त्या चौकटी त्याने सगळ्यांसमक्ष उन्हात ठेवल्या. कागद उन्हात जसजसे काळे पडत जातात तसतसं चित्र वर येतं. लोक वाकून बघत होते.

एकात आभाळ पांढरं, रिकामं आणि म्हातारे काळे ठिपके. दुसऱ्यात प्रत्येक म्हाताऱ्याची सुरकुती दिसत होती आणि डोक्यावर तुफान दाटून आलं होतं.

म्हातारे एकदा कागदांकडे बघत, एकदा वर. मी पुढे होऊन माझ्या उघड्या गोण्यांचं सांगितलं, पण त्याची गरज उरली नव्हती. जुवांव खाली बसून ढसाढसा रडायला लागला. त्याच्या शेजारी सगळ्यांत आधी जाऊन बसली ती फिलूमाय.

जुवांव सुटला आणि इनास अडकला. त्याच संध्याकाळपासून लोक आपापल्या भिंतींकडे बघायला लागले. "मंग आमच्या लग्नातला आभाल बी असाच?" "बापाच्या फोटोत काय काय केला असंल ह्यानं?" कोणी भांडलं नाही, एवढंच की त्याला कोणी बोलावेना. नाताळ आला तरी एका घराने फोटो काढवला नाही. जुवांवनेही त्याच्याशी कधी एक शब्द काढला नाही. मला याचा फार राग आला. खोटं कबूल करणाऱ्याला शिक्षा आणि खोटं आठवणाऱ्या आम्हा सगळ्यांना काहीच नाही, हा कुठला न्याय! मी इनासला तसं म्हणालो, तर तो म्हणाला, "त्यांचा बरोबर हाय. मी त्यांच्या जागी असतो तर मी बी बोलावला नसता."

थोड्याच दिवसांत माझी बदली झाली. निरोप घ्यायला मी त्याच्या ओट्यावर बसलो होतो, तेव्हा फिलूमाय आली. पदराखालून तिने तो फोटो काढला आणि पास्कूच्या तोंडावर बोट ठेवलं.

"इनास, आभाल खोटा हाय. मंग ह्यो?"

मी इनासकडे बघत होतो.  "ह्यो खरा हाय, फिलूमाय," तो म्हणाला. "आभाल थोपवला म्हनूनच ह्याचा तोंड आला. न्हायतर ह्यो बी काला ठिपकाच व्हता. ह्याच्यात मी काय केला न्हाय. ह्यो असाच उभा व्हता, असाच बगत व्हता."

 दुसऱ्या कुणाच्या शब्दाने तिचं भागणार नव्हतं आणि याच्या शब्दावर आता गावात कोणाचा विश्वास नव्हता. शेवटी तिने फोटो त्याच्यापुढे धरला. "मंग वरचा काप. माजा हात थरथरतो. मना त्याच्या डोक्यावर ता आभाल नको."

इनासने आतून कात्री आणली आणि थांबला. "डोलकाठी बी जाईल."

"जाऊं दे. माजा पोर काय डोलकाठीवर नव्हता."

त्याने कापलं. हात जराही हलू न देता, पास्कूच्या नव्या टोपीच्या बोटभर वरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खालचा तुकडा तिने डोळ्यांना लावला, पदराखाली घेतला आणि 'देव बरा करो' म्हणून गेली.

वरची पट्टी इनासच्या हातात राहिली. त्याने ती उजेडात धरून बघितली. "असा आभाल मना परत कदी न्हाय गावला, सायेब," तो म्हणाला. मी म्हणालो की खरंच सुंदर होतं. बैलगाडी खोळंबली होती, म्हणून मी निघालो. वळणावरून मी मागे पाहिलं तेव्हा तो अजून ओट्यावरच उभा होता. ती पट्टी त्याला टाकवत नव्हती आणि घरात न्यायचा धीरही होत नव्हता.